स्वस्त सामान, पातळ थर आणि दोन मिनिटांची उसंत

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी नुकतीच लागली आहे, सकाळी मेकअपला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. महागडं सामान परवडत नाही. स्वस्तातलं घेतलं तर दुपारपर्यंत चेहरा करडा आणि थापल्यासारखा दिसतो, नेलपॉलिश दोन दिवसांत सोलून निघते. तर काय घ्यावं, काय टाळावं आणि रोज जमेल असं साधं काय करावं?

करडा चेहरा आणि सोललेली नखं या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे. वीसेक वर्षं मी चेहरे आणि नखं हाताळते आहे, शिकवतेही. शिकायला येणाऱ्या मुलींच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक कोणती, तर थर जाड आणि थांबायची तयारी नाही. पाच पातळ थर एका जाड थरापेक्षा जास्त टिकतात. फक्त प्रत्येक थराला बसायला वेळ द्यावा लागतो. वस्तू साधी असली तरी हे खरं आहे आणि महाग असली तरीही.

आधी पैशाचं बोलू. लिपस्टिक, ब्लश, आयशॅडो, फाउंडेशन यांना रंग देणारी द्रव्यं फार थोडी आहेत. त्वचेच्या छटांचे जवळजवळ सगळे रंग लाल, पिवळं आणि काळं लोह ऑक्साइड आणि पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड यांच्या मिश्रणातून येतात, चमक अभ्रकाची असते. कोणत्याही डबीमागे सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ आणि ७७८९१ हे आकडे शोधा. तेच हे चार. स्वस्त डबीवरही तेच आणि महागड्या डबीवरही तेच. मग फरक कुठे पडतो? रंग किती बारीक दळला आहे, तो त्वचेला धरून राहावा म्हणून सोबत काय घातलं आहे आणि शेड किती आहेत, यात. उरलेले पैसे बरेचदा जड काचेच्या बाटलीचे, सुगंधाचे आणि जाहिरातीचे असतात.

त्यामुळे माझा हिशोब सरळ आहे. दोन गोष्टींवर जरा हात सैल सोडा: सनस्क्रीन आणि चेहऱ्याच्या रंगाशी जुळणारी जी एक वस्तू घ्याल ती, म्हणजे कन्सीलर (डाग झाकायला) किंवा फाउंडेशन (पूर्ण चेहऱ्याला). सनस्क्रीन महागच हवं असं मुळीच नाही, पण रोज भरपूर लावावंसं वाटेल असं हवं. जे चिकट लागतं आणि पांढरं दिसतं ते आठवड्याभरात कपाटात जाऊन बसतं. चेहऱ्याच्या रंगाच्या बाबतीत स्वस्त मालिकांमध्ये शेड कमी असतात, विशेषतः सावळ्या आणि गडद त्वचेसाठी, आणि तिथे तडजोड केली की ती सगळ्यांना दिसते. बाकी सगळं स्वस्तातलं चालतं. मस्कारा तर मी मुद्दाम स्वस्तच घ्यायला सांगते. तो उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत टाकून द्यायचा असतो. प्रत्येक वेळी पापणीला लागलेली कांडी आपण परत त्या ओल्या, अंधाऱ्या नळीत घालतो आणि सोबत जंतूही आत जातात. जे तीन महिन्यांत टाकायचं ते महाग कशाला घ्यायचं? आणि एकदा महाग घेतलं की टाकवत नाही, मग लोक तोच मस्कारा वर्षभर वापरतात.

लेबल वाचायची सवय लावून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. घटक जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे लिहिलेले असतात. एक टक्क्याच्या खालचे घटक मात्र कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा असते. म्हणून एखाद्या क्रीमच्या डबीवर पुढे मोठ्या अक्षरात कुठल्या तरी फुलाचं नाव असेल आणि मागे ते यादीच्या शेपटाला, सुगंधाच्याही खाली असेल, तर ते नावापुरतंच आहे असं समजा. उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात १२ किंवा ६ असा आकडा असतो, तो उघडल्यानंतर किती महिने वापरायचं ते सांगतो. ‘हायपोअ‍ॅलर्जेनिक’ या शब्दावर विसंबू नका. त्यामागे सगळीकडे मान्य असलेली एक ठरावीक चाचणी नाही. ज्यांची त्वचा लगेच तक्रार करते त्यांनी सुगंधविरहित वस्तू निवडाव्यात, कारण सौंदर्यप्रसाधनांतल्या अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या कारणांत सुगंध फार वर येतो. नवीन वस्तू थेट तोंडाला न लावता कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. एका रात्रीच्या पॅच टेस्टवर निर्धास्त होऊ नका, अ‍ॅलर्जी अनेकदा उशिरा उमटते.

आणि एक गोष्ट अजिबात घेऊ नका: लेबल नसलेलं काजळ किंवा सुरमा. काही पारंपरिक सुरम्यांमध्ये गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, वापरलेलं असतं. शिसं शरीरात साठत जातं, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वात जास्त. ज्याच्यावर घटकांची यादी आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही ते डोळ्याच्या आसपास नेऊ नका, मग ते कितीही ‘शुद्ध’ म्हणून दिलेलं असो.

आता चेहरा. मेकअप नीट बसतो की नाही हे त्याच्या खालच्या त्वचेवर ठरतं, आणि त्यासाठी फार खर्च लागत नाही. अंगाच्या साबणाने तोंड धुणं थांबवा. नेहमीच्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९ ते १० असतो आणि त्वचा स्वतः थोडी आम्लधर्मी, पाचच्या आसपास असते. रोज साबण लागला की ती ताणते, कोरडी पडते, आणि कोरड्या पापुद्र्यांवर कन्सीलर कसाही लावला तरी ठिपके-ठिपके दिसतो. सौम्य फेसवॉश पुरे. मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन पहिल्या चार-पाच घटकांत असलं की मला समाधान वाटतं. पाणी धरून ठेवण्यात इतकं स्वस्त आणि इतकं भरवशाचं दुसरं काही नाही. तोंड टिपलं, किंचित ओलसर आहे, तेव्हाच लावा. ओठ, नखांच्या कडा आणि टाचांसाठी साधी पेट्रोलियम जेली घ्या. एक डबी कित्येक महिने जाते.

सनस्क्रीनच्या आकड्यांबद्दल गैरसमज फार आहेत. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीन किती ऊन अडवतं त्याचं माप. एसपीएफ १५ साधारण ९३ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे, किरण अडवतं, ३० साधारण ९७ आणि ५० साधारण ९८. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने जेवढं मिळतं त्याहून कितीतरी जास्त पुरेसं लावल्याने मिळतं. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेले असतात, आणि घरी आपण बहुधा त्याच्या निम्मंही लावत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान यांना तेवढं लागतं. ते एकदम नको, दोन हप्त्यांत लावा: पहिली रेघ पसरवा, मिनिटभर थांबा, मग दुसरी. पांढरेपणा आणि नंतर बोटाखाली निघणाऱ्या सुरळ्या या दोन्ही तक्रारी याने कमी होतात. चेहऱ्यावर वांग किंवा डाग असतील तर रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण त्यातलं लोह ऑक्साइड डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतं आणि तो प्रकाशही डाग गडद करतो. शेड जुळली तर वेगळं फाउंडेशन लागतच नाही. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं.

करड्या चेहऱ्याची कारणं आता सांगते, कारण ती समजली की पुढचं सोपं होतं. पहिलं कारण फिकी शेड. आपल्या रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ घ्यायचा मोह होतो. फिक्या शेडमध्ये पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतं. ते गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर पसरलं की राखेसारखं दिसतं, आणि घाम आला की आणखी उठून दिसतं. शेड मनगटावर किंवा तळहाताच्या मागे बघू नका, हाताचा रंग चेहऱ्याचा नसतो. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या तीन उभ्या रेघा ओढा, दिवसाच्या उजेडात या, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. काही शेड वाळताना, त्वचेच्या तेलात मिसळताना गडद होतात. त्यानंतर जी रेघ शोधावी लागते ती तुमची.

दुसरं कारण डोळ्यांखाली असतं. तिथली काळी वर्तुळं बहुतेकदा निळसर-तपकिरी असतात. त्यावर थेट फिका कन्सीलर लावला की निळा आणि पांढरट मिळून करडा होतो. हे रंगांचं साधं गणित आहे. आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, फक्त काळं आहे तिथे, अनामिकेने थोपटून. गोऱ्या त्वचेला पीच पुरतो, सावळ्याला नारिंगी लागतो, गडदला लालसर नारिंगी. निळेपणा मेला की वर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर तेवढाच थोडा. वेगळा करेक्टर घ्यायचा नसेल तर मॅट नारिंगी-विटकरी लिपस्टिकचा ठिपका चालवता येतो, मी कित्येकदा चालवला आहे. मात्र डोळ्याच्या कडेपासून लांब ठेवा, लिपस्टिकमधले सगळेच रंग डोळ्यांजवळ चालतात असं नाही.

तिसरं कारण पावडर. दुपारी चेहरा तेलकट झाला की लोक कॉम्पॅक्ट काढतात आणि त्या तेलावर, घामावर पावडर थापतात. तिचा लगदा होतो. आधी टिश्यू किंवा मऊ रुमाल चेहऱ्यावर दाबा, पुसू नका, नुसता दाबा. तेल उचललं जातं, मेकअप खाली राहतो. मग हवी असेल तर चिमूटभर पावडर, आणि तीही फक्त नाकाच्या बाजूंना, कपाळाच्या मध्यावर आणि हनुवटीवर. गालांना पावडरची गरज क्वचित असते.

तर दहा मिनिटांचा हिशोब असा. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन आवरून कपडे करा. या मधल्या वेळात सनस्क्रीन बसतं आणि तो वेळ दहा मिनिटांत धरायचा नाही. मग करेक्टर आणि कन्सीलर डोळ्यांखाली, नाकपुड्यांच्या कडेला जिथे लाली असते तिथे आणि एखाद्या डागावर. पूर्ण चेहऱ्यावर फाउंडेशन रोज लावू नका, बहुतेकांना त्याची गरज नसते. आपला चेहरा सत्तर टक्के तरी ठीकच असतो, त्याला कशाला झाकायचं? डागावर कन्सीलर ठेवला की अर्धा मिनिट तसाच राहू द्या, जरा घट्ट झाला की फक्त कडा थोपटा. ओला असताना घासलात तर डाग पुन्हा उघडा पडतो.

गालांना क्रीम ब्लश. तो नसेल तर तुमची रोजची लिपस्टिक: बोटावर दोन ठिपके, हाताच्या पाठीवर टिपून कमी करा, मग गालाच्या हाडावरून कानशिलाकडे थोपटा. ओठांना आणि गालांना एकच रंग असला की चेहरा आपोआप एकसंध दिसतो. मुरमांची त्वचा असेल तर मात्र लिपस्टिकचं मेण गालावर रोज नको, पावडर ब्लश बरा. क्रीम नेहमी पावडरच्या आधी, उलट केलं की चट्टे पडतात.

भुवया मी कधी सोडत नाही. सगळी भुवई रंगवू नका, फक्त जिथे विरळ आहे तिथे केसासारख्या छोट्या रेघा, केसांपेक्षा एक छटा फिकी पेन्सिल घेऊन. मग जुन्या, धुतलेल्या मस्काराच्या ब्रशने वर विंचरा. बऱ्याच चेहऱ्यांवर एवढ्यानेच निम्मं काम होतं.

डोळ्यांना रोज तीन-तीन रंग नकोत. स्वतःच्या त्वचेपेक्षा दोन छटा गडद असलेली एक मॅट तपकिरी शॅडो घ्या, पापणीच्या खोबणीत बोटाने किंवा फुगीर ब्रशने फिरवा, कडा नाहीशा होईपर्यंत. तीच शॅडो बारीक कोनाच्या ब्रशने पापण्यांच्या मुळाशी दाबली की लायनरचं काम होतं. हात थरथरत असेल तर सरळ द्रव लायनर ओढण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे, रेघ वाकडी असली तरी धुरकट दिसते, चुकलेली दिसत नाही. काजळ खाली पसरत असेल तर ते खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर आहे म्हणून पसरतं. वरच्या पापणीच्या केसांच्या मधल्या फटींत भरा. ज्यांना लेन्स आहेत किंवा डोळे सारखे चुरचुरतात त्यांनी आतल्या कडेला काहीच लावू नये. मस्काराची कांडी मुळाशी ठेवून डावी-उजवीकडे हलवा, मग वर ओढा. मुळाशी रंग हवा, टोकाला कमी. पापण्या वळवायचा चिमटा वापरत असाल तर मस्काराच्या आधी, नंतर वापरला तर केस चिकटून तुटतात.

लिपस्टिक टिकत नाही ही तक्रारही थराचीच आहे. एक थर लावा, टिश्यूने टिपा, पुन्हा पातळ लावा. मेण आणि तेल टिश्यूत जातं, रंग ओठांवर उरतो. मॅट द्रव लिपस्टिक रोज लावणाऱ्यांचे ओठ मी पाहते तेव्हा ते बहुधा सोललेले असतात. रोजच्यासाठी साधी क्रीमची कांडी मला जास्त आवडते. ती दुपारी एकदा लावावी लागते, लागू द्या.

आता नखं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

नेलपॉलिश दोन दिवसांत सोलते ती का, हे कळायला ती वाळते कशी ते समजून घ्या. बाटलीत नायट्रोसेल्युलोज नावाचं पापुद्रा बनवणारं द्रव्य असतं, ते इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकांत विरघळवलेलं असतं. द्रावक उडून जातं आणि पापुद्रा मागे राहतो. थर जाड असला की वरची साय आधी वाळते आणि खालचं द्रावक अडकून पडतं. हाताला कोरडं लागतं, पण आत अजून मऊ असतं. रात्री चादरीचे ठसे उमटतात ते यामुळे, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा पापुद्रा सालीसारखा निघतो तोही यामुळे.

दुसरं कारण पाणी. नखाला पाणी लागलं की ते शोषून घेऊन किंचित फुगतं, वाळलं की आकसतं. म्हणून हात कोमट पाण्यात भिजवून लगेच नेलपॉलिश लावू नका. फुगलेल्या नखावर थर बसतो, नख आकसतं आणि थर सुटतो. पार्लरमध्ये ही चूक सर्रास होते. आंघोळ किंवा भांडी झाल्यावर निदान तासभर जाऊ द्या.

आता कृती. नखं कापल्यावर फायलर एकाच दिशेने, कडेकडून मध्याकडे. करवतीसारखा पुढे-मागे नको, टोकाचे पदर सुटतात. नखाच्या मुळाशी असलेली जिवंत त्वचा कधीही कापू नका. ती नखाची सील आहे, तुटली की जंतू आत जातात, आणि सुजलेलं बोट ठणकायला लागतं. तिथे तेल लावून, मऊ झाल्यावर बोटावर टॉवेल गुंडाळून हळूच मागे सरकवायची, इतकंच. मग सगळ्या नखांवरून रिमूव्हरचा कापूस एकदा फिरवा, पॉलिश लावलेली नसली तरीही. बोटांचं तेल आणि क्रीम निघून जातं. माझ्या अनुभवात, टिकण्यात सगळ्यात जास्त फरक या अर्ध्या मिनिटाच्या कामाने पडतो आणि सगळ्यात जास्त वगळलंही हेच जातं.

बाटली जोराने हलवू नका, बुडबुडे शिरतात आणि नखावर फुटून खड्डे पडतात. दोन्ही तळव्यांमध्ये धरून वळा. बेस कोट वगळू नका, तो पकड देतो आणि गडद लाल-मरून रंगांनी नखं पिवळी पडू देत नाही. ब्रश बाहेर काढताना एक बाजू बाटलीच्या गळ्याला पूर्ण पुसा, दुसऱ्या बाजूवर छोटा थेंब राहू द्या. तो थेंब मुळाशी नाही, जरा पुढे टेकवा, ब्रश हलकेच मागे ढकला, केसाएवढी जागा सोडून थांबा, आणि मग एका दमात टोकापर्यंत ओढा. नंतर डावी बाजू, उजवी बाजू. तीन फटकारे, चौथा नाही. पहिला थर पट्टेदार दिसतो, दिसू द्या. तिथेच हात शिवशिवतो आणि लोक पुन्हा रंग चढवतात. शेवटी नखाच्या टोकाच्या जाडीवर, अगदी धारेवर, ब्रश फिरवा. टोक बंद झालं की पाणी थराखाली शिरत नाही. दोन-तीन मिनिटं थांबा. दुसरा थर. पुन्हा थांबा. मग टॉप कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, त्याचीही धार बंद करा. कडेला लागलेला रंग रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या बारीक, चपट्या ब्रशने पुसून घ्या.

पूर्ण कडक व्हायला काही तास जातात, म्हणून झोपायच्या आधी घाईत लावू नका आणि त्या दिवशी गरम पाण्यात हात घालू नका. तिसऱ्या दिवशी वरून टॉप कोटचा एक पातळ थर द्या. भांडी घासताना रबरी हातमोजे घाला. एवढं केलं की साधी, स्वस्त नेलपॉलिश पाच-सहा दिवस राहते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

बाटली घट्ट झाली तर त्यात रिमूव्हर ओतू नका. अ‍ॅसिटोनने मिश्रण बिघडतं. नेलपॉलिश थिनर म्हणून वेगळी बाटली मिळते, तिचे दोन-तीन थेंब, तळव्यात वळून. आणि प्रत्येक वेळी झाकण लावण्याआधी बाटलीचा गळा पुसा. बाटल्या थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. रिमूव्हर, थिनर, पॉलिश सगळंच ज्वलनशील असतं, त्यामुळे खिडकी उघडी आणि गॅस, उदबत्ती, मेणबत्ती लांब.

नक्षीकामासाठी वेगळी अवजारं घ्यायची गरज नाही. ऑफिसला शोभेल असं सर्वात सोपं: दुधाळ गुलाबी किंवा स्वतःच्या नखाच्या रंगाची पारदर्शक पॉलिश, दोन थर. टवका उडाला तरी दिसत नाही, म्हणून नवशिक्यांना मी हाच रंग आधी देते. त्यावर टोकाला पांढरी बारीक रेघ ओढली की ‘फ्रेंच’ म्हणतात ती नक्षी झाली. रेघ ब्रशने ओढू नका, बोट फिरवा: ब्रश स्थिर धरायचा आणि नख त्याच्या खालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळवायचं. रेघ कमानदार येते. पांढऱ्याऐवजी तपकिरी, गडद हिरवी किंवा सोनेरी रेघ घेतली की तेच नख वेगळं दिसतं. ठिपके हवे असतील तर केसांच्या पिनेचं गोल टोक. कागदावर एक थेंब काढा, टोक बुडवा, सरळ उभं टेकवा, उचला. दर दोन ठिपक्यांनी पुन्हा बुडवा, नाहीतर आकार लहान होत जातो. मुळाशी मध्यावर एकच ठिपका, दहाही नखांवर, फार देखणा दिसतो. टेपने पट्टे करायचे असतील तर खालचा थर पूर्ण वाळलेला हवा, मी तरी आदल्या दिवशी लावून ठेवते. आणि चौथ्या दिवशी टोकं झिजली की रिमूव्हर शोधत बसू नका, स्पंजच्या तुकड्याने टोकावर चमकी टिपा, वर टॉप कोट. मुद्दाम केलेलं वाटतं.

जेल पॉलिश, म्हणजे दिव्याखाली धरून कडक करायची पॉलिश, तिच्याबद्दल मात्र सावध करते, विशेषतः घरी वापरायच्या स्वस्त दिव्यांच्या संचांबद्दल. जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट गटाची द्रव्यं असतात. ती दिव्याखाली पूर्ण कडक झाली नाहीत आणि त्वचेला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की ती सहसा जन्मभर राहते. पुढे दातांच्या किंवा हाडांच्या उपचारांतही तशीच द्रव्यं वापरली जातात, तिथे अडचण येऊ शकते. जेल कडक करायला मदत करणाऱ्या टीपीओ या द्रव्यावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे. स्वस्तात करायचं असेल तर साधी नेलपॉलिशच करा. जेल केलंच तर खरवडून काढू नका, त्यासोबत नखाचे वरचे पदर जातात. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे खराब झालेलं अख्खं नख बदलायला सहा महिने लागतात.

साध्या नेलपॉलिशचीही अ‍ॅलर्जी होते, आणि ती बोटांवर दिसेलच असं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या पापण्या महिनोन्महिने लाल होऊन खाजत होत्या. त्यांनी मस्कारा बदलला, क्रीम बदललं, काजळ सोडलं, काही फरक नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा कारण नेलपॉलिशमधलं रेझिन, म्हणजे राळेसारखं चिकट द्रव्य, निघालं. आपण दिवसभरात कितीदा डोळ्यांना, मानेला हात लावतो ते आपल्या लक्षात येत नाही, आणि पापणीची त्वचा बोटांच्या त्वचेपेक्षा फार पातळ असते. पापण्यांवर किंवा मानेवर कारण नसताना पुरळ उठत असेल तर काही आठवडे नखं रिकामी ठेवून बघा आणि डॉक्टरांना तसं सांगा. नखं तुटतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मोठ्या मात्रेत बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकार ओळखण्यासाठी करतात त्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं. घेत असाल तर तपासणीआधी सांगा.

सामान स्वच्छ ठेवायला खर्च नाही. ब्रश आणि स्पंज आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुवा, ब्रश आडवे वाळवा, उभे ठेवले की पाणी दांड्यात उतरून केस गळतात. मस्कारा, काजळ, लायनर कोणाशीही वाटून घेऊ नका, सख्ख्या बहिणीशीही नाही. डोळे आले असतील तर त्या वेळी वापरलेलं सगळं टाका.

रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप काढूनच झोपा. साधं खोबरेल किंवा बेबी ऑइल कापसावर घेऊन बंद डोळ्यावर दहा सेकंद नुसतं ठेवा, मग खाली ओढा. घासायची गरज पडत नाही. नंतर फेसवॉश. मुरमांच्या त्वचेला तेलाऐवजी मिसेलर वॉटर, म्हणजे मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रावण. नेलपॉलिश काढतानाही तसंच: भिजवलेला कापूस नखावर दाबून पंधरा सेकंद थांबा आणि एकदाच टोकाकडे ओढून घ्या. चमकी असेल तर तीन-चार मिनिटं, वर बोटाला फॉइल गुंडाळून. मग हात धुवा, आणि ओलसर असतानाच नखांच्या मुळाशी पेट्रोलियम जेली चोळा.